दुसऱ्या पाळीची बस

दुपारचे दोन. मे महिना. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात डांबर चपलेला चिकटतंय. दुकानांची शटरं अर्धी खाली. सूरसागर तलावाकडून येणारा वाराही गरमच. एका बंद दुकानाच्या पायरीवर सावलीची अरुंद पट्टी उरली आहे, तेवढ्यात आठ-दहा जण दाटीनं उभे आहेत. गळ्यात ओळखपत्र, पायात जाड सेफ्टी बूट, हातात डबा. वाघोडियाची कंपनी-बस यायची आहे.

समोरच्या गल्लीतून एक पोरगा शर्टाची बटणं लावत पळत येतो.

"काका, गेली का गाडी?"

"नाही रे. ये, आत सरक."

त्याचे डोळे लाल आहेत. गेल्या आठवड्यात रात्रपाळी होती, या आठवड्यात दुसरी. झोपेची घडी अजून बसलेली नाही. दिवसा पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवतो, खाली मुलांचा कल्ला, भाजीवाल्याची हाक. रात्रपाळीत सलग चार तास झोप लागली तरी नशीब, काका सांगतात. मग पित्त उसळतं, पाठ धरते. "आणि घरात आवाज चढतो हो, उगाचच." एवढं बोलून ते रस्त्याकडे बघत राहतात.

काकांचे वडीलही कारखान्यातच होते. इथल्या मराठी घरांना ही वाट जुनी आहे. जवळच्या कलाभवनात 1890 पासून हातांना तंत्र शिकवलं जात होतं. 1960 च्या दशकात शहराबाहेर रिफायनरी आणि खताचा कारखाना उभा राहिला. तेव्हा कायम नोकरी म्हणजे घराचा आधार. आज या पायरीवर कायम असलेले दोघेच. बाकी सगळे ठेकेदाराकडचे.

अडीच वाजत आले. बस नाही. सावली आणखी आखडते, तसे सगळे भिंतीला टेकतात. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे करतो. पाणी कोमट आहे.

"डबल करणार का आज?"

"बघू. शाळेची फी भरायचीय."

आठवड्याला 48 तासांची मर्यादा 1948 च्या कारखाने कायद्यापासून चालत आली आहे. 2025 मध्ये गुजरातनं, ही मर्यादा राखून आणि कामगाराच्या लेखी संमतीनं, दिवसाला बारा तासांची मुभा दिली. फी भरायची असलेला माणूस संमती नाकारील कशी? आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक, असा 2021 मधला जागतिक अंदाज आहे.

हॉर्न वाजतो. डबे सावरत सगळे धावतात. खिडकीजवळची जागा मिळवून पोरगा लगेच डोळे मिटतो.

पाळी तीन ते अकरा. घरी परत यायला बारा वाजतील. घरातून गेले दहा तास, हजेरीत लागले आठ. कामाचे तास ठरवणाऱ्यांनी या पायरीवरचे आणि बसमधले तासही मोजायला हवेत.