जुगाराचं गणित: शूद्रकाच्या उज्जयिनीपासून एनबीएपर्यंत

'मृच्छकटिक' म्हटलं की आपल्याला चारुदत्त-वसंतसेना आठवतात. देवलांच्या 'संगीत मृच्छकटिक'मुळे ही उज्जयिनी मराठी घरांत पोचली. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात मात्र संवाहक नावाचा एक जुगारीही आहे. दहा सोन्याची नाणी हरून तो पळतो आणि ओसाड देवळात मूर्ती बनून उभा राहतो. मागावर आलेले दोघे तिथेच खेळायला बसतात. फाशांचा आवाज ऐकून 'मूर्ती'ला राहवत नाही आणि तो पकडला जातो. शेवटी वसंतसेना हातातलं कडं देऊन त्याची सुटका करते. पैसे वसूल करणारा माथुर हा 'सभिक', म्हणजे अड्ड्याचा चालक.

आता फासे मोबाइलमध्ये आले आहेत. त्यातही शिकलेल्या मुलांचा एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो: "क्रिकेटचा सट्टा भावनेचा, एनबीए बास्केटबॉलचा आकडेवारीचा. मॉडेल बनवा, शिस्तीने खेळा, दीर्घकाळात फायदाच." एनबीएत ३० संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, म्हणजे साखळीतच १,२३० सामने. आकडे भरपूर आहेत हे खरं. म्हणून हा दावा आकड्यांनीच तपासू.

तिथली नेहमीची पैज अशी असते: दुबळ्या संघाला कागदावर काही गुण आधीच दिले जातात, त्यामुळे दोन्ही बाजू साधारण बरोबरीच्या होतात. मग ११० लावायचे. जिंकलात तर १०० मिळतात, हरलात तर ११० जातात. नाणेफेक करून अशा १०० पैजा लावल्या आणि ५० जिंकल्या, तर मिळाले ५,००० आणि गेले ५,५००. नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी ५२.३८ अंदाज बरोबर यावे लागतात. मधला फरक हा चालकाचा वाटा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ घ्यावेत असं सांगितलं आहे. दोन हजार वर्षांत वाटा फारसा बदललेला नाही!

खरी फसगत पुढे आहे. निव्वळ नाणेफेक करणारा माणूसही १०० पैजांनंतर फायद्यात असण्याची शक्यता जवळजवळ ३१ टक्के असते. म्हणजे असे दहा मित्र खेळले, तर सरासरी तिघांना आपली 'स्ट्रॅटेजी' चालते असं वाटणार. तेच तिघे ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणार; उरलेले सात गप्प बसणार. १,००० पैजांनंतर ही शक्यता ७ टक्क्यांवर येते, पण तोवर जवळपास पूर्ण हंगाम संपलेला असतो. उलट, खरोखर ५५ टक्के अचूक असलेला हुशार माणूसही १०० पैजांनंतर तोट्यात असण्याची शक्यता ३१ टक्केच आहे. थोडक्यात, आपण हुशार आहोत की नशीबवान, हे कळायच्या आत पैसे संपू शकतात.

'पैशांचं नियोजन' म्हणून केलीचं सूत्र सांगितलं जातं. बेल लॅब्सच्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये ते मांडलं. ५५ टक्के अचूकता असेल तर वरच्या पैजेत भांडवलाचा ५.५ टक्के भाग लावा, असं ते सांगतं. ५० टक्के असेल तर उत्तर शून्याखाली जातं, म्हणजे लावूच नका. व्हिडिओत सूत्राचा हा अर्धा भाग क्वचितच येतो.

शिवाय समोरच्याला जे ठाऊक आहे ते आपल्या मॉडेलला ठाऊक नसतं. टोरांटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरवर एप्रिल २०२४ मध्ये एनबीएने आजीवन बंदी घातली. त्याने आपल्या तब्येतीची गुप्त माहिती सट्टेबाजाला दिली होती आणि पैजेसाठी सामन्यातून लवकर बाहेरही पडला होता. हे कुठल्या एक्सेल शीटमध्ये दिसणार? आणि एवढं करूनही कुणी सातत्याने जिंकू लागला, तर अनेक परदेशी सट्टा कंपन्या त्याच्या पैजेच्या रकमेवरच मर्यादा घालतात.

अमेरिकेत २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अनेक राज्यांत हा सट्टा कायदेशीर झाला. तिकडची भावंडं उघडपणे खेळत असतील, पण आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. कौशल्याचा खेळ असला तरी सूट नाही. म्हणजे बेकायदा अॅपने पैसे अडकवले, तर दाद मागायलाही तोंड उरत नाही. आणि पैसा शेवटी जातो कुठे? जून २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सट्ट्यावर आपल्याच उज्जैनमध्ये पोलिसांचे छापे पडले, तेव्हा १४ कोटींहून जास्त रोकड सापडली. ती सट्टा चालवणाऱ्यांकडे सापडली, लावणाऱ्यांकडे नाही.

आकड्यांची आवड असेल तर मॉडेल जरूर बनवा. सामन्याआधी अंदाज वहीत लिहा, हंगामभर हिशेब ठेवा, एक रुपयाही लावू नका. यातून संख्याशास्त्र छान शिकता येतं. आणि घरातलं कुणी आधीच अडकलं असेल, तर "आता एकदाच लावून वसूल करतो" याला होकार देऊ नका. त्याला ओरडण्याआधी त्याच्याजवळ बसा, देणी किती ते कागदावर मांडा आणि अॅप काढून टाका. संवाहकाचं कर्ज दुसऱ्याच्या कड्याने फिटलं. आपल्या घरातली कडी-बांगड्या तरी त्यासाठी नसाव्यात.