हृदयाचा चुकलेला ताल आणि कॅथेटरचा उपचार

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील पेढी असो वा डोंबिवलीच्या फडके रोडवरील दुकान, गल्ल्यावर बसलेल्या माणसाची छाती अचानक धडधडू लागली की घरचे प्रथम ‘ॲसिडिटी असेल’ असेच म्हणतात. अर्ध्या तासात धडधड थांबते आणि विषय मिटतो. आजार मात्र मिटलेला असतोच असे नाही.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील पेशींचा लहानसा पुंजका विद्युत्‌संदेश देतो आणि विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. काहींच्या हृदयात जन्मतः एक जादा विद्युत्‌मार्ग असतो. संदेश त्यात गोल फिरू लागला की ठोके अनेकदा १५० च्या पुढे जातात. उतारवयात अधिक आढळणारे ‘एट्रियल फिब्रिलेशन’ निराळे. त्यात कर्णिका नुसत्या थरथरतात, रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो.

कॅथेटर ॲब्लेशनमध्ये जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, दोषाची जागा शोधतात आणि उष्णतेने वा अतिशीत तापमानाने तेवढाच भाग निकामी करतात. छाती उघडावी लागत नाही. फिब्रिलेशनचा उगम बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांत असतो, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हाईसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले; आजचा उपचार त्यावरच उभा आहे. जादा मार्गाचा दोष बहुतेकांत कायमचा जातो. फिब्रिलेशन मात्र परतू शकते व काहींना पुन्हा उपचार लागतो. रक्तस्रावासारखी गुंतागुंत क्वचित होते. तिची कल्पना आधीच घ्यावी.

निदानाची किल्ली ईसीजीत आहे. कल्याणहून लोकलने मुंबईच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत ठोके पूर्ववत होतात आणि ईसीजीत काही सापडत नाही. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून तो कागद जपावा. छातीत दुखणे, धाप वा भोवळ असल्यास मात्र थेट तातडीच्या विभागात जावे.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उद्भवतो. रक्त गोठू न देणारी काही औषधे बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागतात; चौविहार पाळणाऱ्यांची संध्याकाळची मात्रा त्यामुळे चुकते. व्रत वा उपवास सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना नियम सांगितल्यास दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध शक्य आहे का, हे ते ठरवू शकतात. ॲब्लेशननंतरही हे औषध किमान दोन-तीन महिने घ्यावे लागते. पक्षाघाताचा धोका अधिक असणाऱ्यांना पुढेही. बरे वाटते म्हणून ते स्वतःहून बंद करणे, हाच यातील सर्वांत महागडा व्यवहार ठरतो.