लाकडावर चढणारा वापराचा रंग

लाकडाचा रंग कायम राहत नाही. प्रकाश, उष्णता, तेल आणि हाताचा स्पर्श यांमुळे तो वर्षानुवर्षे बदलत जातो, आणि हा बदल विशेष स्पष्ट दिसतो तो रंग न देता फिकट ठेवलेल्या तंबाखूच्या पाइपवर. असे पाइप बहुधा ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरातील एका झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या कठीण गाठीचे असतात. ही गाठ बराच वेळ उकळून तिच्यातील रस काढतात व मग ती सावकाश वाळवतात. पाइप वापरात आला की पेल्यासारख्या तोंडातील उष्णतेने वरचा मेणाचा थर पातळ होत जातो, बोटांचे तेल व घाम सूक्ष्म छिद्रांत मुरतात, आणि आतून धुराचा ओलसर, चिकट अंश लाकडात झिरपतो, त्यामुळे फिकट पिवळसर छटा हळूहळू मधासारखी व पुढे तपकिरी होते.

याच्या जोडीला प्रकाशाचे कार्य चालू असते. लाकडातील तंतूंना बांधून ठेवणाऱ्या घटकाला लिग्निन म्हणतात; सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे त्याचे विघटन करतात, आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन रंगीत द्रव्ये तयार होतात. नुकतेच चिरलेले सागवान ठिकठिकाणी हिरवट-तपकिरी दिसते व उजेडात राहिल्यावर सोनेरी तपकिरी होते. मात्र पावसाने विघटित लिग्निन धुऊन निघाले, तर तेच सागवान राखाडी पडते.

पुण्यात हे समजून घेण्यासाठी जुन्या वाड्यांकडे पाहावे. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ मध्ये बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे दर्शनी कोरीव काम सागवानी आहे. अशा वास्तूंत ऊन-पाऊस सोसणारे लाकूड व छपराखालचे लाकूड निरनिराळ्या गतीने रंग बदलते, तर कठडे, दारांच्या कडा व उंबरठे यांवर हातापायांच्या वापराने गुळगुळीत, गडद झिलई चढते. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी जमवलेल्या संग्रहातील, आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात असलेली कोरीव दारे व वाद्येही याच दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

म्हणून जुन्या लाकडाचा काळपटपणा म्हणजे मळ, असे समजून ते घासून काढणे योग्य नाही. वरची धूळ व चिकट मळ हा वेगळा, आणि लाकडात मुरलेला रंग वेगळा. पहिला मऊ फडक्याने दूर होतो, दुसरा मात्र काचकागदाने एकदा काढला की पुन्हा मिळवता येत नाही, कारण तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी चढवलेला असतो. पुण्यातील वाडे झपाट्याने कमी होत असताना त्यांच्या उरलेल्या लाकडावरील हा वापराचा पुरावा जपणे हे कोरीव नक्षी जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे.