भेडल्या माडाला नारळाचे नियम लावू नका

बांद्याच्या आसपास सुपारीच्या बागेच्या कडेला, वहाळाच्या काठी किंवा देवराईत माशाच्या शेपटीसारख्या पानांचा एक उंच माड दिसतो. आपल्याकडे तो भेडला माड. पुस्तकांत त्याला भेरली माड किंवा सुरमाड म्हणतात, शास्त्रीय नाव कॅरिओटा युरेन्स. नारळ हे किनाऱ्याचं झाड, तर हा पश्चिम घाटातल्या दमट, घनदाट रानाचा रहिवासी. पण वाढतो नारळाच्या शेजारी, म्हणून लोक त्याला नारळाचेच नियम लावतात. बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : हा नर माड, म्हणून याला नारळ धरत नाहीत.
वस्तुस्थिती : ही वेगळीच प्रजाती आहे. तिच्या एकाच पोयीवर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं असतात. तीन-तीन फुलांच्या जुडग्यात मधलं मादी आणि बाजूची दोन नर. फळं धरतात, पण ती सुपारीहून लहान. ओळख पानावरून पटते. नारळाचं चुडत एकदाच विभागलेलं असतं, याचं पान दोनदा. ताडकुळात अशी ठेवण फक्त कॅरिओटा वंशातच आढळते.

गैरसमज : फुलोरा खाली उतरला आणि माड सुकू लागला, म्हणजे रोग पडला.
वस्तुस्थिती : नारळ वर्षानुवर्षं फळतो, भेडला माड आयुष्यात एकदाच बहरतो. साधारण 10 ते 15 वर्षं तो नुसता वाढतो आणि खोडात पिठूळ अन्न साठवतो. मग पहिली पोय शेंड्याजवळ फुटते आणि पुढच्या एकेक करून खालच्या पेरांवर. हा क्रम काही वर्षं चालतो. सगळ्यांत खालच्या पोयीची फळं पिकली की झाडाचं आयुष्य संपतं. खत, औषध, फवारणी यांपैकी कशानेही ते लांबत नाही. मात्र मेलेला बुंधा बागेत उभा ठेवू नये. तो आतून भुसभुशीत होतो आणि वादळवाऱ्यात कोसळतो. शिवाय कुजक्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि शेजारच्या नारळांवर जातो.

गैरसमज : उदमांजर ही फळं खातं, म्हणजे आपणही खायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यांनी हाताला खाज सुटते, तोंडाची आग होते. पडलेली फळं मुलांना खेळायला देऊ नयेत.

गैरसमज : उपासाचा साबुदाणा याच झाडाचा.
वस्तुस्थिती : याच्या खोडातल्या गाभ्यापासून खाण्याजोगं पीठ निघतं, हे खरं. मूळचा सागोही आग्नेय आशियातल्या एका माडाच्या खोडातूनच काढतात, पण तो माड वेगळा. आपल्या खिचडीतला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदांपासून बनतो आणि त्याचा मोठा उद्योग तामिळनाडूत सेलमच्या परिसरात आहे.

गैरसमज : माडी काढायला खोडाला भोक पाडतात.
वस्तुस्थिती : रस कोवळी पोय छेदून मिळतो. श्रीलंकेत या माडाला ‘कितुल’ म्हणतात. तिथे हा रस आटवून काकवीसारखा पाक आणि गूळ करतात. आपल्याकडे माडी काढायची तर उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

गैरसमज : पानं कितीही तोडा, नवी येतातच. झाड गेलं तरी बुंध्याला कोंब फुटतो.
वस्तुस्थिती : मांडवाची कमान, गणपतीची आरास, फुलवाल्यांची सजावट यांसाठी या पानांना मागणी असते. पण झाडाला शेंडा एकच. तो दुखावला की झाड संपलं. एकदा बहर सुरू झाला की नवं पान येतच नाही, असलेल्या पानांच्या बळावरच फळं पोसायची असतात. बुंध्याला कोंबही फुटत नाहीत. रोपवाटिकेत ‘फिशटेल पाम’ म्हणून झुबक्याने वाढणारं जे झाड मिळतं, ते सहसा कॅरिओटा मायटिस असतं. ते आग्नेय आशियातलं.

म्हणजे लागवड फक्त बियांपासून. पिकलेली फळं हातमोजे घालून गोळा करावीत, गर धुऊन काढावा आणि बी ताजं असतानाच अर्धवट सावलीत पेरावं. उगवायला काही महिने लागतात, तोवर माती ओलसर ठेवावी. रोपं पावसाच्या सुरुवातीला लावावीत. जागा ओलाव्याची हवी, पण पाणी साचणारी नको. पहिली काही वर्षं वर सावली असलेली बरी, म्हणून सुपारीच्या बागेची कड सोयीची.

पानांसाठी लागवड करणाऱ्याने सगळी रोपं एकाच वर्षी लावू नयेत. एका वयाचे माड साधारण एकाच सुमारास बहरतात आणि मरतातही. नारळाची बाग एकदा लावून पुढची पिढी खाते. इथे दरवर्षी थोडी रोपं घातली, तरच पानं कायम मिळत राहतील.