जीपवाल्यांची टीम

खोपोलीत 'महिंद्रा' म्हटलं की डोळ्यांपुढं जीप येत नसे, पोलाद येत असे. 1962 साली 'महिंद्रा युजीन स्टील' ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना आमच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीला उभा राहिला. 'मुस्को' हे त्याचं तोंडात बसलेलं नाव. त्याच 1962 मध्ये महिंद्रांच्या मुंबईतल्या मूळ कंपनीनं फुटबॉलची टीम काढली. तसा पोलादाच्या भट्टीचा आणि त्या टीमचा काही संबंध नाही. पण आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा मुस्कोत भट्टीवर कामाला होते, त्यांना हे कोण समजावणार? पेपरात महिंद्रा जिंकल्याची दोन ओळींची बातमी आली, की ते सगळ्यांना सांगत, ''कल अपुन जिता.'' मी शाळेत असताना त्यांनीच मला कर्जतला गाडी बदलून मुंबईला नेलं आणि मंत्रालयाजवळचं कूपरेजचं मैदान दाखवलं.

आज सांगायची गोष्ट या टीमची आहे. एका कंपनीची टीम व्यावसायिक कशी झाली, देशात पहिली कशी आली, आणि तरीही बंद का पडली, याची.

आधी नावाचा एक किस्सा सांगतो. 1945 मध्ये ही कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. के. सी. महिंद्रा आणि जे. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ, आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. 1948 मध्ये इकडे कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. 'एम अँड एम' ही अक्षरं तेवढी तशीच राहिली. फुटबॉलशी याचा संबंध नाही, हे मला कळतं. पण मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ती अक्षरं दिसली की थोडं थबकायला होतं.

तर, कंपन्यांनी टीम पाळणं ही मुंबईची जुनी रीत. मुंबईतली रोव्हर्स कप स्पर्धा 1891 पासूनची. सुरुवातीची कित्येक वर्षं ती गोऱ्या पलटणींनीच जिंकली. 1937 मध्ये 'बंगलोर मुस्लिम्स' या संघानं ती मक्तेदारी मोडली. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि त्यांच्या जागी कंपन्या आल्या. 1958 चा रोव्हर्स कप 'कॅल्टेक्स' या तेल कंपनीच्या टीमनं जिंकला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, बँका, रेल्वे, सगळ्यांच्या टीम होत्या.

ही व्यवस्था नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चांगला खेळणारा पोरगा दिसला की कंपनी त्याला नोकरी देई. कागदोपत्री तो कारकून, शिपाई नाहीतर कामगार. मस्टरवर सही करायची, सरावासाठी लवकर सुटायचं, मॅचच्या दिवशी ऑन ड्यूटी. पगार इतरांसारखाच. गुडघा गेला किंवा वय झालं, की बूट काढून टेबलावर बसायचं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रॉव्हिडंट फंड घेऊन घरी जायचं. खेळ हा नोकरीचा दरवाजा होता. गोव्यातली, केरळातली, हैदराबादची, मुंबईतल्या चाळींतली किती मुलं या दरवाजातून आत आली! आपण त्यांना हौशी म्हणायचो. पण हौस ही त्या पोराच्या घरच्या चुलीची गोष्ट होती, हे विसरू नये.

महिंद्राची टीम निघाली ती याच रिवाजानं. मुहूर्त चांगला होता. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारतानं दक्षिण कोरियाला 2-1 नं हरवून सुवर्णपदक आणलं होतं. टीम हारवूड लीगमध्ये खेळू लागली. लोक त्यांना 'जीपमेन' म्हणू लागले, जीपवाले.

बदल सुरू झाला तो 1996 मध्ये. त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग आली. तोवर मोठ्या स्पर्धा म्हणजे बाद फेरीच्या. दोन-तीन आठवडे खेळा आणि परत कामावर या. लीग म्हणजे महिनोन् महिने, आज कोलकाता, उद्या गोवा, परवा पंजाब. मस्टरवर सही करणाऱ्या माणसाला हे झेपणारं नव्हतं. शिवाय बाकीचे संघ परदेशी खेळाडू आणत होते. आता घाना किंवा ब्राझीलच्या फुटबॉलपटूला कारकून म्हणून कसं दाखवणार? मग करार आला. अमुक एक वर्ष, अमुक एक रक्कम, वर्ष संपलं की पुन्हा बोलू. 1998 मध्ये महिंद्रानं ड्युरँड कप जिंकला तो जुन्या नावानं. 2000 मध्ये टीमचं नाव 'महिंद्रा युनायटेड' झालं. माझ्या हिशेबानं व्यावसायिक संघाची खरी स्थापना ही. 1962 ची स्थापना कंपनीच्या टीमची होती.

नाव बदलल्यावर यश आलं. 2001 मध्ये पुन्हा ड्युरँड, 2003 मध्ये फेडरेशन कप, 2005 मध्ये पुन्हा फेडरेशन कप. आणि 2005-06 च्या मोसमात राष्ट्रीय लीगचं विजेतेपद. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. संघात ब्राझीलचा होजे बरेटो, घानाचा युसूफ याकुबू, आणि आपल्या मुंबईचा स्टीव्हन डायस. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोघेही मागं राहिले. महाराष्ट्रातल्या संघानं देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. 2007 मध्ये महिंद्रा आशियाई फुटबॉल महासंघाच्या 'एएफसी कप'च्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, 2008 मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड जिंकला.

आणि 2010 च्या मार्चमध्ये कंपनीनं जाहीर केलं, की हा मोसम संपला की संघ बंद. यापुढं लक्ष शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर.

चाचा तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी मला विचारलं, ''मगर वो तो जीतते थे ना?''

या प्रश्नाचं उत्तर भावनेत नाही, जमाखर्चात आहे. कंपनीच्या टीमचा खर्च जुन्या काळी पगारपत्रकात मुरून जात असे. दहा हजार कामगारांत वीस फुटबॉलवाले, कुणाला कळणार? व्यावसायिक संघ वेगळा दिसतो. परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, विमानं, हॉटेलं. समोरच्या बाजूला काय? कूपरेजच्या तिकिटांतून येणारा पैसा नगण्य, टीव्हीचा त्याहून कमी. म्हणजे सगळं जाहिरात खात्यावर. आणि जाहिरात खात्याला एक प्रश्न दर वर्षी विचारला जातो : हाच पैसा दुसरीकडं लावला तर? कप जिंकणं हे त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. कोलकात्याचा क्लब हरला तरी त्याचे सभासद असतात, भांडणारे, निवडणुका लढवणारे, बापानंतर मुलगा असे. महिंद्राला सभासद नव्हते. चाचांसारखे लोक होते, पण त्यांची नोंद कुठं?

याच दिवसांत आणखी दोन संघ निघाले होते, दोन्ही 2007 मध्ये. पुण्यात अशोक पिरामल समूहाचा 'पुणे एफसी' आणि मुंबईत एस्सेल समूहाचा 'मुंबई एफसी'. त्यांच्यामागं मस्टरबिस्टर काही नव्हतं. ते जन्मापासूनच कराराचे. मुंबई एफसीचे पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ, आधी महिंद्राकडचेच. दुसरीकडं नियम कडक होत गेले. संघाची स्वतंत्र कंपनी हवी, मुलांचे संघ हवेत, हिशेब वेगळा हवा. 2013 मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना या परवान्याच्या अटींवर आय-लीगमधून वगळलं. नियम चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. पण नोकरीचा तो दरवाजा त्या दिवशी आणखी थोडा लोटला गेला. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली, 'मुंबई सिटी' आला. 2015 मध्ये पुणे एफसी मिटला, 2017 मध्ये मुंबई एफसी.

यात एक माणूस मला सारखा दिसतो. खालिद जमील. महिंद्राकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, मुंबई एफसीकडून खेळला, आणि 2009 पासून सात वर्षं मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. 2016 मध्ये तिथून बाहेर पडला आणि मिझोरामच्या ऐजॉलला गेला. 2016-17 च्या आय-लीगमध्ये ऐजॉल पहिला आला आणि मुंबई एफसी शेवटचा. तो ज्या तीन टीमकडून खेळला, त्यांतली एकही आज देशाच्या लीगमध्ये नाही.

देशाची लीग पुन्हा महाराष्ट्राकडं यायला पंधरा वर्षं लागली. 13 मार्च 2021 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर बिपिन सिंगनं नव्वदाव्या मिनिटाला गोल केला आणि मुंबई सिटीनं मोहन बागानला 2-1 नं हरवलं. कोविडमुळं स्टेडियम रिकामं होतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या आदल्या महिन्यात इंडियन सुपर लीगचा नवा मोसम व्यापारी कराराच्या घोळात स्थगित झाला होता, आणि ऑगस्टमध्येच बेंगळुरू एफसीनं खेळाडूंचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. ही बातमी वाचली तेव्हा मला चाचा आठवले. भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस. दर महिन्याच्या ठराविक तारखेला पगाराचं पाकीट घरी येई, आणि त्यातूनच आमची कूपरेजची तिकिटं निघत.