सरावाची वही : पूलच्या टेबलावरील एक शोध

तालमीत नवा आलेला पोरगा पहिल्याच दिवशी कुस्ती धरत नाही. आधी त्याच्याकडून जोर-बैठका काढून घेतात. गाणे शिकणारा महिनोन्‌महिने खर्ज आणि पलटे घोटतो. पूल खेळणारा मात्र टेबलाजवळ आला की थेट डाव मांडतो. मीही बेलापूरहून श्रीरामपूरला जाऊन बरीच वर्षे हेच केले. तासाचे पैसे मोजले, डाव हरलो, क्वचित जिंकलो. पण खेळ होता तिथेच राहिला. तो का राहिला, हे तपासताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

हा खेळ आपल्याला परका नाही. स्नूकरचा जन्म 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातील पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळाले ते याच हिरव्या कापडावर. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली आणि 1964 साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा तो मान मिळवला. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी हेच विजेतेपद 1977, 1981 आणि 1983 असे तीनदा पटकावले. बिलियर्ड्स आणि पूल यांचे नियम निराळे आहेत, पण क्यू, चेंडू आणि कोन यांचे गणित एकच.

ते गणित आधी पाहू. पूलचा चेंडू सुमारे 57 मिलिमीटर व्यासाचा असतो. पांढरा चेंडू आणि मारायचा चेंडू यांच्यात तीन फूट अंतर आहे, आणि फटका सरळ आहे असे समजा. पांढरा चेंडू ठरलेल्या रेषेपासून एक अंशाने चुकला, तर दुसरा चेंडू सुमारे 15 अंशांनी भरकटतो. आता पॉकेट आणखी तीन फुटांवर असेल आणि त्याचे तोंड साडेचार इंचांचे असेल, तर दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेदोन अंशांची सवलत मिळते. म्हणजे आपल्या हाताला परवडणारी चूक एका अंशाच्या साधारण आठव्या हिस्स्याएवढी. नेम डोळ्यांनी कितीही अचूक धरला, तरी क्यू सरळ चालत नसेल तर तो वाया जातो. म्हणून सरावाची सुरुवात नेमापासून न करता हातापासून करावी.

पहिला सराव घरी होतो. सरबताची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवावी आणि क्यूचे टोक तिच्या तोंडातून काचेला न लावता आत-बाहेर करावे. काच वाजली की हात वाकडा गेला, हे कुणी सांगावे लागत नाही. टेबलावर याचीच पुढची पायरी अशी : पांढरा चेंडू मधल्या रेषेवरून समोरच्या कुशनवर मारावा. तो सरळ परत येऊन क्यूच्या टोकाला लागला पाहिजे. बाजूला गेला, तर फटका मध्यावर बसलेला नाही.

दुसरा सराव थांबवण्याचा. दोन चेंडू पॉकेटच्या सरळ रेषेत, एकमेकांपासून दीड फुटावर ठेवावेत. रंगीत चेंडू पॉकेटमध्ये जावा आणि पांढरा जागच्या जागी थांबावा. त्यानंतर मध्याच्या वर मारून पांढरा पुढे न्यावा, खाली मारून मागे आणावा. तिरक्या फटक्यात पांढरा चेंडू न फिरता घसरत जाऊन भिडला, तर तो दुसऱ्याच्या वाटेशी काटकोन करून निघतो. लोळत जाऊन भिडला, तर बहुतेक मध्यम जाडीच्या फटक्यांत मूळ दिशेपासून सुमारे 30 अंश वळतो. एवढे दोन कोन अंगवळणी पडले, तरी पुढच्या चेंडूची तजवीज आधीच करता येते.

तिसरा सराव कागदाचा. वहीचे अर्धे पान टेबलावर ठेवावे. चेंडू घालवून पांढरा त्या पानावर थांबवायचा. जमू लागले की पानाची घडी घालून ते लहान करावे.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची ठरली ती चाळीस पानी वही. प्रत्येक सरावाचे दहा फटके मारायचे, किती जमले ते लिहायचे आणि चुकलेला चेंडू पॉकेटच्या डाव्या अंगाला गेला की उजव्या, तेही लिहायचे. दहापैकी आठ जमले की अंतर वाढवायचे. पहिल्या दिवशी माझे तीन जमले. त्याआधी कुणी विचारले असते, तर मी छातीठोकपणे सात सांगितले असते. गेलेले फटके आठवतात, चुकलेले विसरतात.

आठवडाभरात वहीत एक गोष्ट दिसली. माझे चुकलेले बहुतेक फटके डावीकडे जात होते. टेबलालाच उतार आहे, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो. ते खरे असते, तर दुसऱ्या टोकाला उभे राहून मारल्यावर चेंडू माझ्या उजवीकडे जायला हवा होता. मी दुसऱ्या टोकाला गेलो. दहा फटके मारले. चेंडू पुन्हा डावीकडेच गेले. उतार टेबलाला नव्हता. माझी हनुवटी क्यूच्या रेषेवर नव्हती आणि सरळ वाटणारी रेषाच मुळात तिरकी होती. डोके अंगठाभर सरकवायला दोन महिने लागले. पन्नाशीनंतर जुनी सवय सुटताना आधी खेळ बिघडतो. त्या काळात वहीतले आकडे तीनवरून दोनवर आले होते, हेही नोंदवून ठेवतो. आज त्याच अंतरावरून सात जमतात.

या छोट्या शोधाचे मोल मला टेबलापलीकडेही वाटते. मी कोणत्याही विद्यापीठात संशोधन शिकलेलो नाही. जुनी कागदपत्रे वाचताना ‘इथे चुकलास’ म्हणणारे कुणी शेजारी नसते. अशा माणसाने आपले मत खोटे ठरू शकेल अशी एखादी कसोटी स्वतःच लावून घ्यायला हवी, आणि तिचा निकाल लिहून ठेवायला हवा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मारलेले ते दहा फटके ही तशीच कसोटी होती. ती मी वीस वर्षे आधी लावू शकलो असतो. त्यासाठी फक्त टेबलाला एक फेरी मारायची होती.