घर बांधताना : जमिनीखालचे आणि कागदावरचे

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सारेच सहज वापरतो. आमच्या आजोबांच्या पिढीवर मात्र तिचा पहिला अर्धा भाग वापरण्याची वेळ फारशी आली नाही. गावकुसाबाहेर कुडाचे, मातीचे खोपट, आणि त्याखालची जमीन कोणाची हे विचारण्याचीही सोय नाही. पुढे नागपुरात येऊन १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस गेले, त्यांनी वस्तीतल्या एकेका खोलीत सात-आठ माणसांचे संसार केले. त्यांच्या मुलांना रेल्वेत, पोस्टात, आयुध निर्माणीत, विमा कार्यालयात, बँकेत नोकऱ्या लागल्या आणि मग 'आपला एक प्लॉट असावा' हे बोलणे घराघरांतून सुरू झाले. भाड्याने घर पाहायला गेलेल्या माणसाला आडनावानंतर कोणता प्रश्न येतो, आणि 'कालच एकाला शब्द दिला हो' हे उत्तर किती लवकर येते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. तेव्हा स्वतःचे घर ही आपल्याकडे नुसती हौस नाही.

आम्ही काही वर्षे बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बसलो आणि वडिलांनी घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर स्वतःचे घरही बांधले. म्हणजे अर्ज घेणारा आणि अर्ज भरणारा या दोन्ही खुर्च्या पाहून झाल्या. आम्ही इंजिनिअर नाही, कला शाखेचे पदवीधर आहोत, त्यामुळे येथे लिहिले आहे ते पाहून, विचारून आणि राबून कळलेले आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी की, घराचे जे डोळ्यांना दिसते त्यावर माणसे रात्र-रात्र चर्चा करतात. टाइल्सचा रंग, गॅलरीचा कठडा, दारावरचे कोरीव काम यांवर सगळे घर बोलते. जे दिसत नाही ते, म्हणजे कपाटातले कागद आणि जमिनीखालचा पाया, एखाद्या मध्यस्थावर किंवा मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतात. पैसा बेताचाच असतो. तो आधी न दिसणाऱ्या गोष्टींवर जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम कागद. नागपूरच्या चारी बाजूंना १९७० ते १९९० च्या काळात शेतजमिनी विकत घेऊन त्यांचे तुकडे पाडण्यात आले. कोणी गृहनिर्माण संस्थेच्या नावाने विकले, कोणी लॅण्ड डेव्हलपर म्हणून. नोकरदार माणूस दर महिन्याला हप्ता भरायचा, शेवटी त्याच्या हातात पावत्यांचे पुडके, एक ताबापत्र आणि हाताने काढलेला नकाशा यायचा. सात-बारावर मात्र शेतकऱ्याचेच नाव. आमच्या वडिलांचा १,५०० चौरस फुटांचा तुकडा याच जातीचा. ज्या संस्थेने तो दिला तिचे कार्यालय पुढे एका पानाच्या ठेल्याच्या वर सापडले, आणि नंतर तेही सापडेनासे झाले. एकच प्लॉट दोघांना विकल्याची प्रकरणे त्या काळी इतकी झाली, की सुटीच्या दिवशी सायकलवर जाऊन आपल्या प्लॉटवर कोणी विटा तर टाकल्या नाहीत ना, हे पाहून येणे हा अनेक कुटुंबांचा रिवाज होता.

अशा प्लॉटधारकांसाठी राज्य शासनाने २००१ साली गुंठेवारी विकासाचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वी पडलेले तुकडे विकास शुल्क भरून नियमित करून घेण्याची सोय त्यात होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. नागपुरात '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' हे आकडे रिक्षावाल्यालाही पाठ आहेत, ते याच भानगडीतून आले. नियमितीकरणाचे पत्र, ज्याला आपण 'आरएल' म्हणतो, ते हाती आल्याशिवाय बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही, आणि मंजूर नकाशाशिवाय बँक कर्ज देत नाही. 'साहेब, पगार पक्का आहे, मग अडते कुठे?' असे लोक आम्हाला टेबलावर विचारत. अडते ते येथे. बँक पगार पाहून कर्जाची रक्कम ठरवते, पण कर्ज देते ते जमिनीच्या मालकीवर. मूळ विक्रीपत्रच बँकेकडे तारण राहते. ज्याच्याकडे नुसते ताबापत्र आहे त्याने काय तारण ठेवावे? मग तो भविष्य निर्वाह निधी काढतो, पतसंस्थेतून उचलतो, दागिने मोडतो, आणि शेवटी व्याजाने पैसे देणाऱ्याच्या दारात जातो. तेथे शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के झाले, हा हिशेब कोणी मांडत नाही.

म्हणून प्लॉट घेण्यापूर्वी निदान ३० वर्षांचा मालकीचा शोध वकिलाकडून घ्यावा, सात-बारा किंवा आखीव पत्रिका स्वतः काढून वाचावी, अकृषिक परवानगी आणि ले-आउटची मंजुरी पाहावी. आपला तुकडा मंजूर नकाशात बगिच्याच्या किंवा रस्त्याच्या जागेत तर येत नाही ना, हेही पाहावे. शुल्काची प्रत्येक पावती जपावी. विक्रीपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे करावे. दोघे कमावते असतील तर कर्जही वाढीव मिळते, पण कमावती नसली तरी नाव घालावे. 'तिचे नाव कशाला' म्हणणाऱ्यांशी आम्ही टेबलावर बसून वाद घातलेला आहे.

कर्जाचा हिशेब थोडक्यात सांगतो. २० लाख रुपये ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो आणि एकूण परतफेड ४१ लाख ६५ हजारांच्या घरात जाते. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये नुसते व्याज असते, मुद्दल फिटते ते जेमतेम ३,२०० रुपये. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. पण बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी भरण्याचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बंद केला आहे. म्हणजे बोनस, थकबाकी, जे काही हाती येईल ते सुरुवातीच्या वर्षांत भरावे, तेव्हा भरलेला रुपया सर्वांत जास्त व्याज वाचवतो.

घरबांधणीचे कर्ज एकदम हाती पडत नाही, हे लक्षात ठेवणे जास्त महत्त्वाचे. जोते झाले की काही, स्लॅब झाला की काही, असे इंजिनिअरच्या दाखल्यावर ते टप्प्याटप्प्याने मिळते. तोपर्यंत उचललेल्या रकमेवरच व्याज लागते. परंतु बँक काम झाल्यावर पैसे देते आणि ठेकेदार कामाआधी मागतो. या दोहोंच्या मधली रक्कम आपल्या खिशातून घालावी लागते. ती नसली की घर जोत्यावर थांबते. आमच्या ले-आउटमध्ये असे एक घर पाच वर्षे उभ्या सळयांसह थांबले होते. सळया गंजल्या, मधे बाभळी उगवल्या. मालक भाड्याच्या खोलीचे भाडे आणि उचललेल्या कर्जाचे व्याज, दोन्ही भरत होता.

आता जमिनीखालचे. नागपूर आणि एकूणच वऱ्हाड-मराठवाड्याचा मोठा पट्टा काळ्या मातीचा. कापसाला ही माती आईसारखी, घराला मात्र सावत्र. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. वर उभे असलेले घर दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे खाली बसते. पुरावा पाहायचा तर जुन्या घरांच्या खिडक्यांचे कोपरे पाहावेत, तेथून तिरप्या चिरा निघालेल्या दिसतील. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, फरशी मधेच फुगते. लोक म्हणतात मिस्त्रीने प्लास्टर खराब केले. प्लास्टर बिचारे काय करणार?

उपाय महाग नाहीत, पण ते पाया भरण्याआधी करावे लागतात. काळी माती ओलांडून मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खोदावे. आमच्या प्लॉटवर साडेसहा फुटांवर मुरूम लागला. ठेकेदार चार फुटांवरच 'झाले' म्हणत होता. आम्ही इंजिनिअरला खड्ड्यात उतरवले आणि त्यांनी सांगितले तेवढे खोदून घेतले. वरचा खर्च झाला, टाइल्स साध्या घेतल्या. जेथे काळी माती फार खोल आहे तेथे खाली फुगीर टोक असलेले पाइल घेण्याची पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली आहे, तिची माहिती इंजिनिअरला असते. खोदलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू देऊ नये. ठेकेदाराला ती फुकट पडते म्हणून तो तीच लोटतो, पण भरणी मुरमाचीच हवी. घराभोवती तीन-चार फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करावी, म्हणजे छपराचे आणि सांडपाण्याचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत नाही. भिंतीला लागून मोठे झाड लावू नये. कडुनिंबाची सावली हवीशी वाटते, ती कुंपणाशी असू द्यावी.

पाया आणि भिंती एकमेकांशी बांधलेल्या असणे किती गरजेचे आहे, याचा मोठा धडा महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घेतला. लातूर-उस्मानाबादच्या (उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव) त्या गावांतली घरे जाड दगडी भिंतींची होती आणि मजबूत दिसत होती. पण दगड मातीत रचलेले, वर मातीच्या धाब्याचा भार, आणि भिंतीला भिंत जखडणारे काही नाही. हजारो माणसे झोपेत गाडली गेली. जोत्याच्या पातळीवर आणि दार-खिडक्यांच्या वर घरभर फिरणारा सळयांचा पट्टा असला, तर भिंती एकत्र राहतात. खर्च वाचवायचा म्हणून लिंटेल फक्त दारावर टाकणारे मिस्त्री आजही भेटतात, त्यांचे ऐकू नये.

तिसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे पाणी. काँक्रीटमध्ये ते मोजून घालावे आणि नंतर न मोजता मारावे. बहुतेक कामांवर नेमके उलटे चालते. माल पातळ असला की पसरायला सोपा, म्हणून मिक्सरमध्ये पाइपच सोडतात. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला साधारण २५ ते ३० लिटर पाणी पुरते. त्याहून जितके जास्त, तितका स्लॅब कमजोर. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी त्यावर मसाल्याच्या छोट्या पाळ्या करून पाणी साठवावे आणि निदान दोन आठवडे ते सुकू देऊ नये. आमचा स्लॅब नवतपाच्या तोंडावर पडला. पारा ४५ च्या पुढे, दुपारी टाकलेले पाणी संध्याकाळी नाही. बोअरला पाणी कमी, टँकर आणावे लागले. घरातले प्रत्येक माणूस, परीक्षा संपलेली मुलेसुद्धा, पाळीपाळीने पाइप धरून उभे होते. त्या पंधरा दिवसांत जेवढी भांडणे घरात झाली तेवढी लग्नापासून झाली नव्हती.

मालाविषयी आज तक्रार करणाऱ्यांना जुनी माणसे सिमेंटच्या परमिटचे दिवस सांगतात. १९८२ साली नियंत्रण सैल झाले आणि १९८९ साली पूर्ण उठले, तोवर कोट्याच्या गोण्यांसाठी खेटे घालावे लागत. आता सिमेंट फोन केला की येते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. अडचण आहे ती रेतीची. कन्हानची रेती नावाजलेली, पण पावसाळ्यात उपसा बंद असतो आणि भाव चढतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रक आला की फाळका उघडण्यापूर्वी टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजावी. मधे ढीग आणि कडेला खड्डा असेल तर तसे सांगावे. ड्रायव्हर नाराज होतो, होऊ द्यावा.

ठेकेदाराशी करार कागदावर असावा: कोणते काम, कोणता माल, कोणत्या टप्प्याला किती रक्कम. झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे कधीही देऊ नयेत. आमचा पहिला ठेकेदार विटांचे काम अर्धवट टाकून दुसऱ्या साइटवर गेला, पण त्याच्याकडे आमची रक्कम अडकलेली नव्हती, म्हणून दुसरा मिस्त्री लावता आला. मजुरांचे मात्र थांबवू नये. शनिवारी चुकारा झालाच पाहिजे. डोक्यावर गिट्टीची घमेली घेऊन शिडी चढणाऱ्या रेजांपैकी एकीने आम्हाला विचारले होते, 'बाई, तुमच्या घराले किती वर्षे लागली?' सौभाग्यवतींनी वडिलांच्या पहिल्या हप्त्यापासून मोजले. सव्वीस वर्षे.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत घ्यायला विसरू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने ३० दिवसांच्या आत ते परत द्यायचे आहेत, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यायची आहे. गहाणखताची नोंद रद्द झाली की नाही, तेही पाहावे. मागे एक वयस्क बाई कर्ज फेडून आल्या. यजमान हयात नव्हते, हप्ते त्यांनीच पेन्शनमधून भरले होते. आम्ही पाकीट दिले आणि सहीची जागा दाखवली. त्यांनी सही केली नाही. चष्मा काढून पुसला, यादी समोर ठेवली आणि विक्रीपत्राचे एकेक पान बोटाने मोजायला लागल्या. मागे रांग वाढली, कोणी तरी 'लवकर करा हो' म्हणाले. आम्ही रांगेला थांबायला सांगितले आणि बाईंना बसायला खुर्ची दिली.